कार्तिकातला मुराळी

माझ्या भाच्यामुळे माझ्या मुलीच्या फुफ्फुसात जंतू गेले, असं मी ऐन नागपंचमीला, गल्लीतल्या बायांसमोर, माझ्या सख्ख्या बहिणीला म्हणालो. ते खरं नव्हतं. खरं काय असावं याची शंका मला तेव्हाही होती आणि ती माझ्यापाशीच येऊन थांबत होती. म्हणून मी घाईनं दुसऱ्याचं नाव घेतलं. चूक एवढीच आहे. पण ती कशी झाली हे सांगायला मागं जावं लागेल.

आमचं साटंलोटं आहे. मामाची मुलगी मी केली आणि माझी धाकटी बहीण मामाच्या मुलाला दिली. एकाच मांडवात दोन्ही लग्नं झाली. आमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. आई म्हणायची, "बाहेरची आणून पारखत कावून बसायचं? आपली हायेत, आपल्यात ऱ्हातील." मला मामाची मुलगी आवडत होतीच, आईनं विचारायच्या आधीच मी मनातून हो म्हणून बसलो होतो. मी दिंद्रुडच्या बाजूला एका शाळेत शिक्षक. बहिणीचं सासर, म्हणजे माझ्या बायकोचं माहेर, नांदूरघाटाजवळ. बहिणीचा नवरा माझा दाजी आणि मी त्याचा दाजी, त्यामुळे आम्ही दोघंही एकमेकांना दाजीच म्हणतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला कोणी कोणाच्या पाया पडायचं यावर घोळ झाला, तेव्हा तोच म्हणाला होता, "दाजी, दोघं बी उभेच ऱ्हाऊ. कंबर तरी वाचंल."

अशा सोयरिकीत एका बहीणभावाचं बिनसलं की दुसऱ्या घरातल्या बाईचं माहेर आपोआप बंद होतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

माझी मुलगी तान्ही असताना तिचा पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं. त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही, उन्हाळा आहे, घाम असेल. मग खोकला सुरू झाला, तो थांबेचना. खायची भरपूर, पण अंगाला लागत नव्हतं. आधीच्या डॉक्टरांना टीबी वाटला, त्याची औषधं झाली. ती पाच वर्षांची झाल्यावर कुणीतरी पुण्याचा रस्ता दाखवला. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिच्या घामाची तपासणी केली आणि आम्ही कधी न ऐकलेलं नाव सांगितलं: सिस्टिक फायब्रोसिस. शरीरातला चिकट स्राव गोंदासारखा घट्ट होतो, फुफ्फुसाच्या नळ्यांत अडकतो, तिथं जंतू घर करतात. अन्न पचवणारा रसही नीट उतरत नाही, म्हणून प्रत्येक जेवणासोबत कॅप्सूल. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे बिघडलेले जनुक एकत्र आले की हा आजार होतो.

"तुमचं दोघांचं लग्नाआधीचं काही नातं?" बाईंनी विचारलं.

"मामाची मुलगी," मी म्हणालो.

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "घरात अजून कुणाचं लग्न असंच झालंय का? त्यांना लहान मूल आहे?"

बहिणीला तेव्हा मुलगा झाला होता, काही महिन्यांचा. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरून तिला फोन लावला आणि म्हणालो, "पोराचा पापा घे, अन् खारट लागतो का सांग." ती हसली. मग पापा घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दादा, खारट लागतो रे."

त्याच्याही घामाच्या तपासणीत तेच निघालं, आणि भाच्याला अशा रीतीनं पहिल्याच वर्षी इलाज सुरू झाला. त्याच्या छातीत कफ साठायला, नळ्या फुगायला वेळच मिळाला नाही. माझ्या मुलीची ती वर्षं टीबीच्या गोळ्यांत गेली होती. माझ्या पोरीनं खोकून खोकून वाट पाडली आणि त्या वाटेनं तो आरामात चालत आला. मामा म्हणून मला याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही. पण त्याच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, आणि वर्षागणिक तेच वर येत गेलं.

आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच काम. आधी यंत्रातून खारट पाण्याची वाफ, मग बायको मुलीला मांडीवर पालथी घेऊन पाठ, बरगड्या हाताची ओंजळ करून थापटायची, म्हणजे कफ सुटतो. वाफेच्या यंत्राचं छोटं भांडं धुणं हे माझं काम. तेवढंच माझं होतं. भांडं धुवायचं, उकळायचं, पुसून कोरडं वाळवायचं, असं पुण्यात नीट समजावून सांगितलं होतं. सुरुवातीला मी तसं केलं. नंतर शाळेची घाई असली की टाकीच्या पाण्यात खळबळायचो आणि ओलंच टोपण लावून खिडकीत ठेवायचो. दिसायला स्वच्छच दिसायचं. बहिणीनं एकदा पाहिलं होतं. "दादा, ह्याला उकळी कावून देत न्हाई? आमच्याकडं तर चहाच्या आधी भांड्याचंच आधण असतंय." मी म्हणालो, "तू मला शिकवू नको. मी विज्ञान शिकवतो."

फुफ्फुसाचे फोटो हा आमच्या दोन्ही घरांचा मोठा दिवस. आधी सीटी झाला होता, पण अशा मुलांची छाती वर्षानुवर्षं पाहावी लागते, म्हणून जमेल तिथं किरणं टाळायची, असं म्हणून बाईंनी पुढं एमआरआय सुरू केला. त्या लांबट नळीसारख्या यंत्रात मूल निजवायचं, कानांवर हेडफोन, यंत्राचा ठोक्यांचा आवाज, आणि बाहेरून सूचना: श्वास घे, धर, सोड. मूल हललं, श्वास सुटला की चित्र विस्कटतं. मग बाई आम्हाला पडद्यासमोर बसवून दाखवायच्या. "काळं दिसतंय ती हवा. पांढरं दिसतंय तो नळीत अडकलेला कफ. औषध लागू पडतंय का नाही, हे खोकल्यावरून कळायच्या आधी इथं कळतं."

तेव्हापासून काळा हा आमच्या घरात आनंदाचा रंग झाला.

पहिल्यांदा आम्ही एकाच जीपनं गेलो होतो. दोन्ही मुलं मागच्या सीटवर एकाच पिशवीतला भडंग खात. बाईंना कळल्यावर त्यांनी आम्हाला चांगलंच धारेवर धरलं. हा आजार असलेली दोन मुलं जवळ आणायची नाहीत, एकाचे जंतू दुसऱ्याला जातात. वेगळी तारीख, वेगळी गाडी. भेटलीच तर मोकळ्यावर आणि अंतर राखून. आम्ही ते पाळत आलो. मुलांना ते फार जाचायचं, कारण आपल्यासारखं दुसरं कुणी त्यांना भेटलंच नव्हतं.

मग बहीण मला भाच्याच्या चित्रांचे फोटो मोबाइलवर पाठवायला लागली. खाली लिहायची, "दादा बघ, काळंभोर हाय!" तिच्या सासरी कुणाला त्यातलं काही कळत नसे, कळणारा मी एकटा. म्हणून ती मलाच पाठवायची. मी शाळेत, मधल्या सुट्टीत, तो फोटो मोठा करून पाहायचो. कुठं एखादा पांढरा ठिपका सापडतोय का, हे शोधायचो. लिहायला लाज वाटते, पण शोधायचो. सापडायचा नाही. मग मोबाइल खिशात टाकायचो आणि उत्तर द्यायचो नाही. संध्याकाळी तिचा फोन, "पाह्यला का?" मी म्हणायचो, "रेंज नव्हती."

त्याचा शाळेच्या शर्यतीत पळतानाचा व्हिडिओ तिनं स्टेटसला ठेवला, तो मी पुन्हा पुन्हा पाहिला. त्याचं पळणं मी बघतच नव्हतो. थांबल्यावर तो खोकतो का, हे बघत होतो.

मुलगी दहा वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तिच्या चित्रात उजवीकडे वरच्या बाजूला नवीन पांढरं दिसलं. चित्र थोडं विस्कटलेलं होतं, तिला श्वास धरवला नव्हता, पण पांढरं होतंच. थुंकीच्या तपासणीत नवा जंतू आला. त्या दिवशी मी एकटाच तिला घेऊन गेलो होतो, बायकोला ताप होता. बाई म्हणाल्या, "हा जंतू ओलाव्यात वाढतो. वाफेचं भांडं नीट वाळवता ना? किंवा दुसऱ्या रुग्णाकडूनही येतो. ती दोघं एकत्र येत नाहीत ना?"

भांड्याच्या प्रश्नाला मी म्हणालो, "हो हो, वाळवतो." दुसऱ्या प्रश्नाशी मात्र मी थांबलो. उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. घरी येऊन बायकोला मी बाईंचं दुसरं वाक्य तेवढं सांगितलं.

"पण त्याच्या थुंकीत तर काय न्हाई निघालं," बायको म्हणाली. तिच्या भावाकडची बातमी तिला असायचीच.

"आज न्हाई निघालं. आधी असंल."

श्रावण लागला. आमच्याकडे पंचमीला भाऊ मुराळी होऊन बहिणीला सासरहून आणायला जातो. बाई कितीही वयाची होवो, मुराळी दारात आला की तिचा चेहरा फुलतो. त्या वर्षी मी गेलो नाही. शाळेत तपासणी आहे म्हणून कळवलं. बहीण तरीही आली. दाजीनं मोटारसायकलवर आणून सोडली, मुलासकट. मी शाळेतून आलो तर गल्लीतल्या कडुलिंबाला झोका बांधलेला, माझी मुलगी झोक्यावर बसलेली, आणि भाचा मागून झोका ढकलतोय. दोघांच्या तोंडाला मास्क. बहीण आणि बायको जवळच उभ्या, आजूबाजूच्या पाचसहा बाया लाह्या खात गप्पा मारतायत. मोकळी हवा होती, वारा होता. मुलं जवळ यायला नको होती, हे खरंच. नुसतं "अरे, लांब व्हा" म्हटलं असतं तरी झालं असतं.

मी म्हणालो, "त्याला आधी तिथून काढ."

बहीण हसत म्हणाली, "एक झोका, दादा. मास्क हाय. सकाळपासून जीव खाल्ला त्यानं, ताईला झोका देतो म्हणून."

"त्यानंच दिलंय तिला. छातीत जे झालंय ते त्याचंच हाय. तुझं पोरगं ठणठणीत, अन् माझी पोरगी भोगती."

"दादा, त्याच्या थुंकीत काय न्हाई. मागच्याच महिन्यात तपासली."

"तपासणारे काय देव हायेत? तुझ्या पोरानं माझ्या पोरीचं फुफ्फुस खाल्लं."

बायांच्या लाह्या थांबल्या. झोका आपोआप हळू होत गेला. भाचा सहा वर्षांचा. त्यानं मास्क खाली केला, मग आठवून पुन्हा वर घेतला आणि म्हणाला, "मामा, मी झोका हातानं ढकलला. तोंडानं न्हाई."

बहिणीनं त्याला उचललं. घरात पिशवी होती, ती सुद्धा घेतली नाही. फाट्यापर्यंत चालत गेली. बायकोनं तिची पिशवी आतून आणली, ती हातात धरून दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "म्हणजे आता मला बी माहेर न्हाई." आवाज चढवला नव्हता तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडं उकळलं. कुणाच्या नकळत, चहाच्या पातेल्याच्या मागच्या शेगडीवर. मग स्वच्छ फडक्यावर पालथं घातलं. बायकोनं पाहिलं.

"आता कावून उकळताय?"

मी फडक्याची टोकं सरळ करत राहिलो. ती मुलीला मांडीवर घेऊन पाठ थापटू लागली. तिच्या ओंजळीचा तो पोकळ आवाज त्या दिवशी मला घरभर ऐकू येत होता.

वाफेतून द्यायचं जंतूंचं औषध सुरू झालं. मी भांडं रोज उकळत होतो. रोज उकळताना मला कळत होतं की मी काय कबूल करतोय, आणि रोज मी गप्प राहत होतो. दाजीचा फोन आला नाही. मोबाइलवर काळेभोर फोटो येणं थांबलं. मला वाटलं होतं, ते थांबले की बरं वाटेल. उलट मी बहिणीचं स्टेटस चोरून पाहायचो. तिथंही काही नसायचं. भाच्याचं कसं चाललंय हे मला आता कळतच नव्हतं, आणि हेवा करायलाही माहिती लागते, हे तेव्हा समजलं.

दिवाळीनंतर पुन्हा पुण्याला गेलो, या वेळी बायकोही. यंत्राच्या खोलीबाहेर काचेतून मी पाहत होतो. सूचना आली, धर. माझी मुलगी दगडासारखी निश्चल पडून होती. पुन्हा धर. पुन्हा तशीच. काम करणारा माणूस म्हणाला, "वा, या वेळी पोरीनं कमाल केली."

पडद्यावर चित्र लख्ख होतं. उजवीकडचं वरचं पांढरं जवळजवळ गेलं होतं. काही नळ्या रुंद झाल्यात त्या तशाच राहतील, बाई म्हणाल्या, पण नवीन साठलेलं सुटलं. थुंकीही स्वच्छ. बायकोनं पदर डोळ्यांना लावला. बाईंनी विचारलं, "औषध तर आहेच. घरी अजून काय बदललं?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "भांडं उकळून वाळवतो आता. आधी ओलंच ठेवायचो."

"आधी सांगायचं होतंत," बाई एवढंच म्हणाल्या.

बायकोनं तिथंच विचारलं, "म्हणजे बाई, माझ्या भाच्याकडून न्हाई आलं?"

"त्यांच्या तपासणीचं मी तुम्हाला सांगणार नाही. पण ज्याच्याकडे जो जंतू नाहीच, तो दुसऱ्याला कसा देणार? ओलं भांडं घरातच होतं."

परतीच्या वाटेवर बायको खिडकीबाहेर बघत होती. माजलगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, गाडी थांबून होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून मुलीला म्हणालो, "श्वास भारी धरला गं या वेळी. कुणी शिकवलं?"

"आत्यानं."

"कधी?"

"आईच्या फोनवरून. रोज. आत्या म्हणती, धर, अन् मी अन् तो दोघं बी धरतो. जो आधी सोडंल तो हरला. तोच हरतो, त्याला हसूच येतंय."

पंचमीनंतर. म्हणजे मी ते बोलल्यानंतर. माझ्या मुलीची चित्रं स्पष्ट यावीत म्हणून ती रोज फोनवर बसत होती. आणि खरं सांगायचं तर हे ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हेवाच. माझ्या पोरीला जे मी शिकवायला हवं होतं ते तिनं शिकवलं, याचा. तो गिळायला मला माजलगाव ओलांडेपर्यंत वेळ लागला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमी जाऊन या. तवर मी माझ्या माहेरात पाय ठेवणार न्हाई. बोलला चार जणांत, आता फोनवर मिटवू नका."

मी दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि निघालो. धारूरच्या घाटात उसानं भरलेला ट्रॅक्टर चढावर अडकला होता, त्याच्यामागं बराच वेळ मोटारसायकल बंद करून उभा राहिलो. परत फिरावं असं दोनदा वाटलं. सोबत पिशवी होती, तिनं पंचमीला सोडून गेलेली, तशीच बांधलेली.

दाजी अंगणात बसला होता. मला बघून उठला नाही. मग म्हणाला, "या दाजी. काय काढलं?"

"बहिणीला न्यायला आलो. मुराळी."

"आता?" तो म्हणाला. "पंचमी सरली, दसरा सरला, दिवाळी सरली. कार्तिकात कोण मुराळी येतंय हो?" शेजारच्या ओट्यावर दोन बाया लसूण सोलत होत्या, त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून थांबल्या. दाजीही थांबला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "बसा. पाणी घ्या आधी."

"पाणी नंतर. तिला बोलवा. अन् ह्या बाया बसू द्या."

बहीण दारात आली. हात पिठाचे होते. तिच्या मागून भाचा आला, उंच झाला होता, गाल भरले होते, आणि खरं सांगतो, त्याचं ते दमदार हसणं बघून पुन्हा तीच असूया उठली. ती गेलेली नव्हती. बहुधा जाणारही नाही. मी ती तशीच राहू दिली आणि पिशवी ओट्यावर ठेवली.

"आधी त्याला बोलायचंय," मी म्हणालो आणि अंतर राखून भाच्यासमोर उकिडवा बसलो. "झोका तू हातानंच ढकलला होता. तेनं ताईला काय झालं न्हाई. वाफेचं भांडं मी धुवायचो, ते मी ओलं ठेवत होतो, तेनं झालं. तू काय केलं न्हाई. मामा खोटं बोलला."

तो आईकडे बघू लागला. मीही बघितलं. चार जणांत बोललो होतो, म्हणून आता शेजारच्या बायांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात बोललो.

"अन् तुला सांगतो. तुझ्या पोराचा काळा फोटो मला बघवत न्हवता. माझ्या पोरीनं आधी भोगलं अन् तुझं वाचलं, ते मला सहन होत न्हवतं. ठिपका हुडकायचो मी त्यात. तू मला भाऊ म्हणून पाठवायची अन् मी ठिपका हुडकायचो. चुकलो मी. माझ्या पोरीला श्वास धरायला तू शिकवलं, अन् मी तुला दारातून घालवलं. मला माफ कर."